सोसायटीच्या सभासदांना खुले पत्र: रॅम्प 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकलू नका

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समस्त सभासद,
सहकारी गृहनिर्माण संस्था, मुक्काम पुणे, ठाणे, नाशिक, डोंबिवली आणि जिथे जिथे लिफ्टच्या आधी पायऱ्या आहेत तिथे

स. न. वि. वि.

सप्टेंबर जवळ आला की तुमची वार्षिक सभेची गडबड सुरू होते. ३० तारखेच्या आत सभा उरकायची असते, म्हणून एखाद्या रविवारी सकाळी खुर्च्या मांडल्या जातात, गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, तेवढ्याच माणसांत ती सुरू होते. मागील सभेचं इतिवृत्त, हिशेब, थकबाकीदार, गळती, पार्किंग. पार्किंगवर तासभर जातो. अजेंड्याच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. व्हीलचेअरसाठी रॅम्प हवा, हा विषय त्या ओळीखेरीज दुसरीकडे कुठे आलेला मी पाहिलेला नाही. तोवर सामोशाचा वास सुटलेला असतो, निम्मी मंडळी उठलेली असतात. कुणीतरी म्हणतं, "बघू, कमिटीत घेऊ." सगळे बरं म्हणतात. माझी तक्रार या 'बघू'बद्दल आहे. इतर सोसायट्यांतल्या, माझ्यासारखाच आजार असलेल्या मैत्रिणींकडूनही हेच ऐकते, म्हणून पत्र सगळ्यांना.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. आम्ही आपसात नुसतं एमएस म्हणतो. पंचेचाळिशी ओलांडली आहे, घरून जीएसटीची रिटर्न्स भरून देण्याचं काम करते, मुलगा बारावीला आहे आणि घराबाहेर पडायला व्हीलचेअर लागते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर उलटते, त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण खराब करते. आवरण गेलं की निरोप सावकाश जातो, अडखळतो, कधी पोचतच नाही. कुणाची नजर जाते, कुणाचा तोल, कुणाचे पाय, कुणाचा लघवीवरचा ताबा. बहुतेकांना विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. बरा करणारं औषध अजून नाही. अटॅक कमी करणारी औषधं आहेत, ती महाग आहेत. सुरुवातीला पुष्कळांना अटॅक येतो आणि ओसरतो. पुढे काहींचा आजार ओसरायचा थांबतो आणि सावकाश वाढत राहतो. मी त्या दुसऱ्या टप्प्यात आहे.

एवढं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. सभासदांनी समजून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. हा आजार दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी मी कठड्याला धरून गॅलरीत उभी राहते, तुळशीला पाणी घालते, समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींशी दोन शब्द बोलते. संध्याकाळी तेच पाय फूटरेस्टवर ठेवायला मला दोन्ही हातांनी, पँटच्या कापडाला धरून उचलावे लागतात. आधी डावा, मग उजवा. मधल्या वेळात मी काही वावगं केलेलं नसतं. दोन फोन घेतलेले असतात, कुकर लावलेला असतो.

आता समोरच्या वहिनींनी पाहिलेलं असतं ते सकाळचं. त्यामुळे सभेत माझ्याबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य येतंच: "पण त्या तर चालतात! काल मी स्वतः पाहिलं उभं राहिलेलं." हे बोलणारा माणूस खोटारडा नसतो, दुष्टही नसतो. त्यानं खरंच पाहिलेलं असतं. पोलिओनं पाय गेलेला माणूस त्याला समजतो, अपघातात मणका मोडलेला माणूस समजतो. कधी उभी राहणारी आणि कधी न राहणारी बाई त्याच्या हिशेबात बसत नाही, आणि जे हिशेबात बसत नाही ते नाटक असावं असं आपल्याकडे पटकन वाटतं. व्हीलचेअरवरून उठून कुणी गाडीत बसलं की रस्त्यावरचे लोक चमत्कार पाहिल्यासारखे बघतात. एमएसवाल्यांना हे बघणं सवयीचं आहे. पण रस्त्यावरच्या माणसांना माझ्या रॅम्पवर मत द्यायचं नसतं.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सोसायटीचा त्याच्याशी थेट संबंध आहे. विल्हेल्म उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये नोंदवून ठेवलं, की या रुग्णांची नजर श्रमानंतर काही काळ मंदावते. नंतर कळलं की खरं कारण उष्णता. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी आवरण गेलेल्या तंतूंमधून निरोप जाईनासा होतो, आणि अंग थंड झालं की पुन्हा जायला लागतो. एमआरआय नव्हता त्या काळी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात मला टबाची गरज पडत नाही. दुपारी वीज गेली की पंखा बंद, पाय बंद आणि लिफ्टही बंद, अशी तिन्ही कामं एकदम होतात. जनरेटर कॉमन पॅसेजच्या दिव्यांना जोडायचा की लिफ्टला, यावर मध्यंतरी एका कमिटीत मतदान झालं. दिवे जिंकले. चोरांची भीती होती म्हणे.

लिफ्ट असूनही लिफ्टपर्यंत पायऱ्या, ही आपल्याकडच्या जुन्या इमारतींची खासियत. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उंच घेतलेलं असतं, आणि पुढे तीन-चार पायऱ्या. यावर सगळ्यात प्रेमळ उत्तर मिळतं ते असं: "आम्ही आहोत की, उचलून नेऊ." हे मनापासून म्हणणारी पोरं मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात माया आहे. पण उचलणं म्हणजे काय होतं ते ऐका. व्हीलचेअरचे आर्मरेस्ट काढता येण्यासारखे असतात, आणि उत्साही माणूस नेमका तिथेच धरतो. जोर लावला की आर्मरेस्ट हातात येतो, खुर्ची जागेवर राहते. मग चौकटीला धरून मागे कलवतात. मागे कललं की माझ्या मांड्यांचे स्नायू एकाएकी ताठ होतात आणि दोन्ही पाय सरळ पुढे फेकले जातात. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. बॅक्लोफेनच्या गोळ्या घेऊनही ती पुरती जात नाही. खालच्या पायरीवर असलेल्याच्या पोटात माझी चप्पल बसते. एकदा वॉचमनकाकांचा चष्मा गेला. त्यांनी भरपाई घेतली नाही, उलट मलाच पाणी आणून दिलं, आणि मला दोन दिवस त्यांच्याकडे बघवेना.

शिवाय उचलायला माणसं हवीत. कामाच्या दिवशी अकरा वाजता सोसायटीत असतात वॉचमनकाका, धुण्याभांड्याच्या मावशी आणि निवृत्त मंडळी, ज्यांचे स्वतःचेच गुडघे बदलायला झालेत. म्हणजे बँकेत जायचं, फिजिओथेरपीला जायचं की मुलाच्या कॉलेजात, हे चार धडधाकट पुरुषांच्या सवडीवर ठरणार. आणि परत येतानाचं तर विचारूच नका. एमएसमध्ये अनेकांच्या मूत्राशयाचा ताबा सुटतो. लागली की लागली, थांबायची मुभा नसते. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चार पावलांवर, आणि मी पायऱ्यांखाली फोनवर विचारतेय, 'अरे, कुणी आहे का घरी?' हे चारचौघांत लिहू नये असं आईनं शिकवलंय. पण 'एवढी काय घाई आहे रॅम्पची' असं विचारलं जातं तेव्हा उत्तर हेच आहे.

आक्षेपांची यादी मला पाठ झाली आहे. बिल्डिंगचा लूक जाईल. दोन स्कूटर्सची जागा जाईल. मुख्य दारासमोर उतार वास्तूला चालत नाही. तुम्ही तळमजल्याचा फ्लॅट का बघत नाही? आज रॅम्प मागितला, उद्या कुणी स्विमिंग पूल मागेल. आणि शेवटी ठेवणीतला: एका माणसासाठी सगळ्यांचा पैसा का?

या शेवटच्याला उत्तर तुमच्याच कपाटात आहे. आदर्श उपविधी काढा आणि लिफ्टच्या खर्चाचं कलम वाचा. लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा भरायचा, लिफ्ट वापरा अगर न वापरा. तळमजल्याचे जोशीकाका जन्मात लिफ्टमध्ये चढत नाहीत, तरी दर महिन्याला भरतात, आणि वरच्या मजल्यावरचे त्याला सहकार म्हणतात. मीही भरते. माझ्या बाबतीत तर गंमत अशी, की ज्या लिफ्टपर्यंत मला एकटीला पोचता येत नाही, तिच्या एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, पावती माझ्या फाइलमध्ये वेळच्या वेळी लागते.

दुसरं उत्तर "आहे की रॅम्प" म्हणणाऱ्या सचिवांना. पायऱ्यांच्या कडेला स्कूटर चढवायला सिमेंटचा जो कोबा केलेला असतो, त्याला ते रॅम्प म्हणतात. हिशेब सोपा आहे. व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण एकास बारा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फूट उतार. तुमचा कोबा हाच दीड फूट चार-पाच फुटांत चढतो. त्यावरून खाली येताना खुर्ची हातातून सुटते आणि वर जाताना पुढची चाकं उचलून मी मागे उलटते. रुंदी निदान चार फूट हवी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा, वर आणि खाली खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा हवी, आणि कृपा करून चकचकीत ग्रॅनाइट नको; पहिल्या पावसात तिथे धडधाकट माणसंही आपटतील. अठरा फूट सरळ जागा नसेल तर मध्ये वळण घेता येतं. तेही शक्य नसेल तर खुर्चीसकट दीड-दोन फूट वर उचलणारी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट मिळते. जागा नाही म्हणणाऱ्या किती कमिट्यांनी टेप लावून मोजलंय, हे मला एकदा ऐकायचं आहे.

कायद्याचं बोलायचं तर जे आहे तेच सांगते, फुगवून नाही. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत एमएसचं नाव नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नं प्रकार एकवीस केले आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी घातलं. (नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या कलमात मात्र ते नावानिशी नाही. यादीत घ्यायचं आणि पंगतीत बसवायचं नाही. पण तो वाद सरकारशी, तुमच्याशी नाही.) या कायद्याचं कलम ५ म्हणतं, की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. नव्या इमारतीचा आराखडा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर परवानगी देऊ नये, असं कलम ४४ म्हणतं. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुधारायच्या होत्या, त्या कलम ४५ प्रमाणे. यात खासगी सोसायटीच्या जुन्या इमारतीचा थेट उल्लेख नाही, हे मला वकील असलेल्या सभासदांनी एकाहून जास्त वेळा ऐकवलंय, आणि दर वेळी अशा सुरात की विषय संपला.

विषय संपत नाही. "त्या नुसत्या गाइडलाइन्स आहेत हो" हे पालुपदही आता जुनं झालं. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यता नुसत्या शिफारशींवर सोडता येणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. तक्रार करायला मला लांब जावं लागणार नाही. पण मला तिथे जायचंच नाहीये. ज्यांच्याविरुद्ध अर्ज टाकला त्यांनाच संध्याकाळी 'जरा लिफ्टचं दार धरता का' म्हणायचं, हे मला जमणार नाही. तुम्हालाही अवघड जाईल.

नव्या इमारतींवर माझा राग जास्त आहे. जुन्यांचं जोतं चाळीस वर्षांपूर्वी कुणी घातलं, त्याला आज काय बोलणार? पण रीडेव्हलपमेंटच्या सभांना काय होतं? कार्पेट किती वाढतोय, बिल्डर कॉर्पस म्हणून रोख रक्कम किती देणार, भाडं किती, पार्किंग एक की दोन. बिल्डर मॉडेल घेऊन येतो, त्यात लॉबीच्या तोंडाशी शोभेच्या दोन पायऱ्या असतात, आणि गाड्यांसाठी पोडियमवर जाणारा उतार असतो, ज्यावर व्हीलचेअर ढकलायची तर बैल जुंपावे लागतील. घराच्या आत बाथरूमचं दार अडीच फुटी. त्यातून चौकट वजा करा, पल्ला वजा करा, उरलेल्या जागेतून साधी व्हीलचेअर बोटं खरवडत जाते, नाहीतर जातच नाही. आणि दाराशी पाणी अडवायला तो दोन इंचांचा उंबरठा. कागदावर असताना हे बदलायला खर्च जवळजवळ नसतो. लॉबी रस्त्याच्या पातळीला उताराने जोडा, दारं तीन फुटी करा, लिफ्टमध्ये खुर्ची शिरून दार लागलं पाहिजे, एवढ्या तीन ओळी करारनाम्यात सही करण्याआधी घाला. स्लॅब पडल्यावर हेच काम फोडाफोडीचं होतं, आणि मग पुन्हा 'बघू'.

इथे माझ्याकडून अपेक्षित काय आहे तेही मला ठाऊक आहे. रॅम्प सगळ्यांच्याच उपयोगाचा, असं म्हणायचं. वॉकर घेतलेले आजोबा, बाबागाडी ढकलणारी सून, गॅस सिलिंडरवाला, १०८ च्या ॲम्ब्युलन्सचं स्ट्रेचर. सगळं खरं आहे आणि असं म्हटलं की ठराव पटकन पास होतो. पण दुसऱ्यांच्या नावावर माझा रॅम्प मागायचा मला कंटाळा आलाय. आजोबांसाठी हात वर होतात ते आपणही उद्या आजोबा होणार म्हणून. तुमच्यापैकी बहुतेकांना एमएस होणार नाही. तरीही हात वर व्हावा, एवढंच मागणं आहे. आणि खरं तर तो मतदानाला टाकायचा विषयच नव्हे. इमारतीत शिरायला मिळावं की नाही यावर शेजाऱ्यांनी मतं द्यायची, हे जरा स्वतःला ऐकवून पाहा.

रॅम्प झाल्यावरही काम संपत नाही, हे ज्या सोसायट्यांनी तो बांधलाय त्यांना सांगते. गणपतीत मंडप कुठे पडतो? रॅम्पवर. कारण ती एकच मोकळी जागा असते. एरवी तिथे कुणाची तरी ॲक्टिव्हा 'दोनच मिनिटांसाठी' लागलेली असते आणि हँडल लॉक असतं. दहा दिवस बाप्पा खाली, आरती स्पीकरवर, प्रसाद डब्यातून घरपोच. प्रसाद आणून देणाऱ्या मुलींचं कौतुकच आहे, पण मला आरतीला उभं नाही तरी बसलेलं राहायचं असतं. मंडपाचा खांब चार फूट सरकवला की काम होतं. कोजागिरीला गच्ची, लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत, पुढचा जिना पायांनी. मसाला दूधही घरपोच. वर्षानुवर्षं सगळं घरपोच मिळत गेलं की माणूस सोसायटीत राहतो असं कोण म्हणेल?

तेव्हा मागणं असं. या वर्षीच्या अजेंड्यावर रॅम्प स्वतंत्र विषय म्हणून घ्या, हिशेबांच्या लगेच नंतर, पार्किंगच्या आधी. पैसा दुरुस्ती निधीतून येईल की वर्गणीतून, त्यावर खुशाल वाद घाला. हवा की नको यावर नको. ज्या सभासदाला गरज आहे त्याला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), डॉक्टरांचं पत्र आणि 'पण तुम्ही तर चालता' याचा खुलासा मागू नका. लिफ्ट जनरेटरला जोडा. सभा गच्चीवर ठेवू नका, खाली पार्किंगमध्येही नको, जोवर तिथे उतरायची सोय नाही; पहिल्या मजल्याच्या लॉबीत ठेवा, मी लिफ्टनं येते.

नोटीस सभेच्या चौदा दिवस आधी काढावी लागते, म्हणजे अजून हातात वेळ आहे. येत्या रविवारी सकाळी टेप घेऊन पायऱ्यांपाशी या. सकाळचीच वेळ ठेवा, तेव्हा मी बरी असते. उंची मोजू, जागा पाहू. दोन कंत्राटदारांची कोटेशन्स माझ्याकडे आहेत, एकानं कठड्याचे वेगळे लावलेत, ते त्याला कमी करायला सांगावे लागतील.

कळावे,
मेंटेनन्स वेळेवर भरणारी एक सभासद